मुंबईच्या प्लेगचा तो आलेख: पेपर वाचताना आपण काय सोडतो?



पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये एक काम सगळ्यांच्याच वाट्याला येतं. एखादा पेपर घ्या आणि त्याचा क्रिटिकल रिव्ह्यू लिहा. आपण काय करतो? दोन पानं सारांश लिहितो आणि शेवटी दोन ओळी टाकतो: "सॅम्पल साइज लहान आहे, अधिक संशोधनाची गरज आहे." झाला रिव्ह्यू! मीही पहिल्या सेमिस्टरला हेच केलं होतं, खोटं कशाला बोलू.

म्हणून आज एक पेपर सोबत बसून वाचू. पेपर जवळपास शंभर वर्षं जुना आहे, पण साथीच्या आजारांचं मॉडेलिंग करणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत असतो. त्यातला एक आलेख आपल्या मुंबईचा आहे. त्यातली एक चूक मी स्वतः २०२१ मध्ये घाटंजीत, घरी बसून, लॅपटॉपवर पुन्हा केली. ती आधी सांगते, म्हणजे या जुन्या पेपरशी माझं काय भांडण आहे ते कळेल.

घाटंजी, जानेवारी २०२१

एम.एस्सी. नुकतं झालं होतं आणि मी घरीच होते. रोज जिल्ह्याचा कोरोनाचा आकडा यायचा, तो मी एक्सेलमध्ये भरायचे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वर गेलेली रेषा डिसेंबरपर्यंत छान खाली आली होती. मी त्या आकड्यांवर एसआयआर मॉडेल बसवलं. काय सुंदर बसलं होतं! उतार थेट शून्याकडे चालला होता. मोठ्या बाबांच्या पोरीचं लग्न वर्षभर लांबलं होतं, घरात तारखेची चर्चा सुरू होती. मी आईला स्क्रीन दाखवली आणि सांगितलं, मार्चमध्ये करायला हरकत नाही, साथ संपत आली.

फेब्रुवारीत अमरावती, अकोला, यवतमाळ या आपल्याच जिल्ह्यांत रुग्ण वाढायला लागले. २२ फेब्रुवारीपासून अमरावती शहर आणि अचलपूरमध्ये आठवड्याचं लॉकडाऊन लागलं. आमच्याकडचं लग्न कसंबसं, मोजक्या लोकांत झालं, पण एप्रिलमध्ये अर्धं घर आजारी होतं. मोठे बाबा सतरा दिवस ऑक्सिजनवर होते. ते वाचले. त्या दिवसांत आई एकदाच बोलली, तेही रागाने नाही: "तू तं म्हनत होती, संपली म्हनून."

माझं मॉडेल आकड्यांवर बसलं होतं हे खरं. मग चुकलं कुठे? याचं उत्तर मला पुढे या १९२७ च्या पेपरमध्ये सापडलं. त्याच्या एका आलेखात आणि आलेखाखालच्या, सहसा कुणी न वाचणाऱ्या, एका परिच्छेदात.

पेपर कोणाचा, काय म्हणतो?

पेपरचे लेखक दोन: विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक. शीर्षकाचा अर्थ असा की, साथींच्या गणिती सिद्धांतात एक भर. रॉयल सोसायटीच्या 'प्रोसीडिंग्ज'मध्ये तो १९२७ साली आला. दोघेही एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेत होते.

मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. सुमारे दोन दशकं त्या नोकरीत, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही काम केलेले, १९२० मध्ये आजारपणामुळे परत गेलेले. केरमॅक हे रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी पूर्ण गेली, पण त्यांनी काम थांबवलं नाही. म्हणजे ज्या आलेखाबद्दल आपण बोलणार आहोत तो केरमॅक यांनी स्वतः कधी डोळ्यांनी पाहिला नाही.

आता पेपरमधली मूळ कल्पना. लोकसंख्येचे तीन गट करा. पहिला, ज्यांना अजून लागण झालेली नाही पण होऊ शकते. दुसरा, सध्या ज्यांच्याकडून इतरांना लागण होते ते. तिसरा, जे बरे होऊन सुरक्षित झाले किंवा मेले, म्हणजे साखळीतून बाहेर पडले. पहिल्यातून दुसऱ्यात जाण्याचा एक दर, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाण्याचा एक दर. एसआयआर म्हणतात ते हेच. खरं तर पेपरमधलं मूळ मॉडेल याहून मोठं आहे. त्यात लागण होऊन किती काळ झाला यानुसार दर बदलू शकतात. आपण पुस्तकांत शिकतो तो त्याचा एक सोपा खास प्रकार आहे. बरेच विद्यार्थी हे सोपं मॉडेल म्हणजेच अख्खा पेपर समजतात. रिव्ह्यू लिहिताना मूळ पेपर उघडायचा तो यासाठी.

त्या काळी डॉक्टरांमध्ये एक प्रश्न होता. साथ संपते तेव्हा ती का संपते? लागण होण्याजोगे लोकच उरत नाहीत म्हणून, की जंतूचा जोर कमी होतो म्हणून? या दोघांनी गणितातून दाखवलं की दोन्हीची गरज नाही. दर तेच राहिले, भरपूर लोक अजून न लागलेले असले, तरी साथ उतरू शकते. लागण होण्याजोग्यांची संख्या एका उंबरठ्याच्या खाली आली की प्रत्येक रुग्ण सरासरी एकापेक्षा कमी जणांना लागण देतो, आणि साथ विझते. लसीकरण सगळ्यांचं शंभर टक्के झालं नाही तरी साथ थांबू शकते, हे आज आपण सहज म्हणतो. त्याचं मूळ या विचारात आहे. म्हणून मी या पेपरला मोठाच मानते. पुढची टीका वाचताना हे विसरू नका.

आणि तो आलेख

सिद्धांत मांडून झाल्यावर लेखकांनी एक उदाहरण दिलं: मुंबई बेटावरचे प्लेगचे मृत्यू, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर त्या आठवड्यातले मृत्यू. ठिपके म्हणजे प्रत्यक्ष आकडे, रेषा म्हणजे सूत्र. सूत्र असं:

आठवड्याचे मृत्यू = ८९० × सेच²(०.२ × आठवडा − ३.४)

'सेच' म्हणजे हायपरबोलिक सीकंट. त्याचा वर्ग काढला की घंटेसारखी दोन्हीकडून सारखी उतरणारी टेकडी मिळते. ठिपके या टेकडीवर बऱ्यापैकी चपखल बसतात. साथींच्या गणिताच्या पुस्तकांत हा आलेख पुन्हा पुन्हा छापला गेला. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा अंगावर काटा आला होता. दोन अक्षरांचं गणित आणि त्यात अख्ख्या मुंबईचा प्लेग!

पण आलेख छापताना बहुतेक ठिकाणी त्याखालचा परिच्छेद गळतो. त्यात लेखक काय म्हणतात ते माझ्या शब्दांत सांगते. आम्ही असं धरलं आहे की माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे. आणि उंदरांबद्दल पाच गोष्टी गृहीत धरल्या आहेत: सगळ्या उंदरांना लागण होण्याची शक्यता मुळात सारखी, बेटावरच्या प्रत्येक उंदराला संसर्गाची संधी सारखी, आजाराच्या पूर्ण काळात संसर्गाचे, बरं होण्याचे, मरण्याचे दर स्थिर, प्रत्येक आजारी उंदीर एक तर मेला नाहीतर कायमचा सुरक्षित झाला, आणि पिसवा इतक्या होत्या की संसर्ग जणू थेट उंदराकडून उंदराला होत होता. यातलं एकही गृहीतक काटेकोरपणे खरं नाही, हेही तेच सांगतात. म्हणून तंतोतंत जुळणीची अपेक्षा करू नका आणि या सूत्रातून स्थिरांकांच्या प्रत्यक्ष किमती काढू नका, अशी ताकीद देतात. शेवटी एवढंच म्हणतात की, साथीच्या काळात दर बदलले नाहीत असं मानून काढलेली रेषा आकड्यांशी ढोबळपणे जुळते.

इतका प्रामाणिक परिच्छेद आजच्या पेपरांतही कमी दिसतो. मग टीका कशावर करायची? थांबा. आधी त्यांनी "करू नका" सांगितलेली गोष्ट आपण करून बघू, कारण ती का करायची नाही हे हाताने गणित केल्याशिवाय समजत नाही.

कागद-पेन घ्या

पहिली पायरी. सेच² च्या टेकडीखालचं एकूण क्षेत्रफळ २ असतं. म्हणून एकूण मृत्यू = ८९० × २ ÷ ०.२ = ८,९००. टेकडीचा माथा ०.२ × आठवडा = ३.४ झाल्यावर येतो, म्हणजे सतराव्या आठवड्यात, १९०६ च्या एप्रिलच्या मध्यावर.

दुसरी पायरी. सुरुवातीच्या चढावर ही रेषा आठवड्याला ०.४ या घातांकी दराने वाढते. म्हणजे साधारण बारा दिवसांत दुप्पट.

तिसरी पायरी. पुस्तकांत हा आलेख बऱ्याचदा जणू माणसांचाच एसआयआर असावा तसा दाखवला जातो. तर तसंच मानू. त्या वेळी मुंबईची लोकसंख्या सुमारे १० लाख धरू. लेखक म्हणतात की नोंदलेल्या रुग्णांपैकी ८० ते ९० टक्के दगावत होते. म्हणजे रुग्ण साधारण १० हजार, लोकसंख्येच्या १ टक्का. लहान साथीसाठी एसआयआरमधला ढोबळ नियम असा की एकूण लागण झालेल्यांचं प्रमाण ≈ २ × (आर-नॉट − १). आर-नॉट म्हणजे सुरुवातीला एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो तो आकडा. (हा शब्द १९२७ च्या पेपरमधला नाही, आपण सोयीसाठी वापरतोय.) तर ०.०१ = २ × (आर-नॉट − १), म्हणून आर-नॉट = १.००५.

चौथी पायरी. वाढीचा दर = (आर-नॉट − १) × साखळीतून बाहेर पडण्याचा दर. म्हणून बाहेर पडण्याचा दर = ०.४ ÷ ०.००५ = आठवड्याला ८०. आठवड्यात १६८ तास. १६८ ÷ ८० म्हणजे जेमतेम दोन तास.

काय आलं हातात? प्लेगचा रुग्ण फक्त दोन तास संसर्ग देतो आणि मग बरा होतो किंवा मरतो! गाठीच्या प्लेगचं दुखणं दिवसांत मोजतात. आलेख देखणा आहे, पण त्यातून निघालेला आकडा अशक्य आहे.

तुम्ही म्हणाल, सगळे १० लाख लोक थोडेच धोक्यात होते, दाटीच्या चाळींतले ५० हजारच धरा. ठीक. मग १० हजार म्हणजे २० टक्के, आर-नॉट सुमारे १.१, आणि संसर्गाचा काळ येतो पावणेदोन दिवस. रेषा तीच, ठिपके तेच, पण एक न मोजलेला आकडा बदलला आणि दोन तासांचे दोन दिवस झाले. ५० हजारांऐवजी दुसरा आकडा घ्या, तिसरं उत्तर येईल. टेकडीतून आपल्याला फक्त तीनच गोष्टी मिळतात: उंची, रुंदी आणि माथ्याची तारीख. मॉडेलमधल्या अज्ञात गोष्टी त्याहून जास्त आहेत. त्यामुळे कितीतरी वेगवेगळ्या जोड्या तीच टेकडी काढतात. संशोधनात याला 'आयडेंटिफायेबिलिटी'चा प्रश्न म्हणतात, म्हणजे डेटावरून पॅरामीटर एकमेव ठरवता येतात की नाही. व्हायव्हाला हा प्रश्न हमखास येतो, लिहून ठेवा.

आणखी एक. सेच² चं सूत्र हे मूळ समीकरणाचं नेमकं उत्तर नाही, अंदाजी उत्तर आहे. एकूण लागण लोकसंख्येच्या मानाने लहान असेल तेव्हाच ते चालतं. इथे लोकसंख्या उंदरांची. उंदरांत प्लेग शिरला की ते मोठ्या संख्येने मरतात. मग "लहान साथ" ही अट लागू होते का? पेपरमध्ये मुंबईत उंदीर किती, त्यांतले मेले किती, यांचा हिशेब नाही.

माझी मुख्य हरकत: टेकडी उतरली का?

आतापर्यंतची टीका लेखकांनी आधीच कबूल केलेल्या गोष्टींवर होती. माझी खरी हरकत त्यांच्या शेवटच्या वाक्यावर आहे: दर बदलले नाहीत असं मानलं तरी रेषा ढोबळपणे जुळते. हे वाक्य खोटं नाही, पण वाचणाऱ्याच्या मनात ते असा समज ठेवून जातं की मुंबईत दर बदलले नसावेत. आणि मुंबईत दर बदलत होते.

प्लेग मुंबईत १८९६ मध्ये आला, मांडवी भागात. तो १९०६ च्या जुलैत संपला का? नाही. तो त्यानंतरही वर्षानुवर्षं येत राहिला, आणि दर वर्षी साधारण त्याच वेळी. थंडीत चढायचा, मार्च-एप्रिलच्या सुमारास कळस गाठायचा, उन्हाळा-पावसाळ्यात उतरायचा. केरमॅक-मॅकेंड्रिक यांचा आलेख म्हणजे अशा अनेक टेकड्यांच्या रांगेतली एक उचलून, दोन्ही बाजू कापून, चौकटीत लावलेली. शेजारच्या टेकड्या पाहिल्या असत्या तर पहिला प्रश्न हाच आला असता: लागण होण्याजोगे उंदीर उंबरठ्याखाली गेल्यामुळे साथ विझते, तर ती दर वर्षी कॅलेंडर बघून का विझते?

निकोला बकाएर या फ्रेंच गणितज्ञांनी २०१२ मध्ये नेमकं हेच धरून पेपर लिहिला. त्यांनी मुंबईचे अनेक वर्षांचे आकडे एकत्र पाहिले आणि दाखवलं की दर स्थिर असल्याचं गृहीतक इथे टिकत नाही, ऋतू धरल्याशिवाय ही साथ समजत नाही. उंदीर, पिसू, माणूस आणि ऋतू असं सगळं घेणारं मॉडेल त्यांनी मांडलं.

यात १९२७ मध्ये माहीत नसलेलं असं काही होतं का? फारसं नाही. १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेगच्या तपासाचं मोठं काम झालं. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग ठेवले. पिसवा पोहोचल्या ते आजारी पडले, पिसवांपासून वाचवलेले वाचले. उंदरांतली साथ आधी आणि माणसांतली नंतर येते हे तिथे नोंदलं गेलं. उन्हाळ्याच्या उष्णतेत पिसवांमार्फतचा प्रसार मंदावतो हेही त्या अहवालांत आलं. ते अहवाल 'जर्नल ऑफ हायजीन'मध्ये छापूनही आले होते. आणि गंमत बघा, हा १९२७ चा पेपर रॉयल सोसायटीकडे सादर करणारे सदस्य होते सर गिल्बर्ट वॉकर. हो, तेच, भारतीय हवामान खात्याचे माजी प्रमुख, मान्सूनच्या अंदाजासाठी आयुष्य घालवलेले. त्यांच्या हातून गेलेल्या पेपरमधल्या मुंबईला ऋतूच नाही!

आमच्याकडच्या पोरांना हे कपाशीवरून लगेच कळेल. गुलाबी बोंडअळीसाठी शेतात कामगंध सापळे लावतात आणि रोज अडकलेले पतंग मोजतात. हंगामात आकडा चढतो, हंगाम सरला की पडतो. त्या आकड्यांवर कुणी टेकडी बसवली आणि म्हणालं, "अळी संपली," तर कोणता शेतकरी ऐकेल? तो म्हणेल, बाबा, शेतात कपाशीच नाही, अळी दिसेल कुठून! म्हणून तर कृषी खातं फरदड घेऊ नका म्हणून सांगत असतं. आकडा पडला याचं कारण माहीत असल्याशिवाय पुढच्या हंगामाबद्दल बोलता येत नाही, हे शेतकऱ्याला माहीत आहे. मला जानेवारी २०२१ मध्ये माहीत नव्हतं.

पण एवढं कठोर व्हावं का?

पेपरच्या बाजूने बोलायचं झालं तर बरंच बोलता येईल. एक, हा सिद्धांताचा पेपर आहे. मुंबईचा आलेख त्यातली छोटी जागा व्यापतो. दोन, संगणक नव्हते. ऋतू, पिसवा, उंदीर घेऊन समीकरण हाताने सोडवणं जवळपास अशक्य. तीन, त्यांनी मर्यादा लिहिल्या. पुढच्यांनी त्या वगळल्या तर दोष पुढच्यांचा. माझ्या गाईडचं मत साधारण हेच आहे आणि आमचा यावर वाद झालाय.

मी तिसऱ्या मुद्द्याशी पूर्ण सहमत नाही. ज्या आलेखातून काही निष्कर्ष काढायचा नाही असं तुम्हीच म्हणता, तो मग छापायचा कशासाठी? वाचणाऱ्याला विश्वास वाटावा म्हणूनच ना? आणि परिच्छेदापेक्षा चित्र जास्त टिकतं. उंबरठ्याचा सिद्धांत या आलेखाशिवाय जसाच्या तसा उभा राहतो. आलेख काढून टाका, पेपरचा एकही निष्कर्ष पडत नाही. म्हणजे पुरावा म्हणून त्याचं वजन जवळपास शून्य होतं, आणि वाचकावरचा परिणाम प्रचंड. हा तोल चुकला असं माझं मत आहे. त्यांनी निदान आणखी दोन वर्षांच्या टेकड्या शेजारी छापल्या असत्या तर वाचणाऱ्याला शंका घेण्याची संधी मिळाली असती.

पुन्हा २०२०-२१

आता हे आपल्या काळात आणू. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या राष्ट्रीय सुपरमॉडेल समितीचा अंदाज प्रसिद्ध झाला. समितीत आयआयटी हैदराबादचे एम. विद्यासागर, आयआयटी कानपूरचे मणिंद्र अग्रवाल आणि लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर होत्या. अंदाज असा की सप्टेंबरमध्ये कळस होऊन गेला आहे आणि खबरदारी पाळत राहिलो तर फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीपर्यंत साथ आटोक्यात येईल. "पाळत राहिलो तर" ही अट त्यात होती. लोकांपर्यंत पोहोचलं ते "फेब्रुवारीत संपणार" एवढंच. गळालेल्या परिच्छेदाची गोष्ट इथे पुन्हा घडली. नंतर काय झालं ते आपण भोगलंय. मेच्या सुरुवातीला देशात एका दिवसात ४ लाखांवर नवे रुग्ण नोंदले गेले. १ एप्रिलला या मॉडेलने सांगितलेला कळस होता सुमारे १ लाखाचा.

त्यांना दोष देणं सोपं आहे, पण मी एक्सेलमध्ये तेच केलं होतं, तेही कोणतीही अट न घालता. २०२० च्या हिवाळ्यातला उतार दोन प्रकारे समजावता येत होता. एक, बऱ्याच जणांना होऊन गेलं, आता लागण होण्याजोगे कमी उरले. दोन, लोक अजून मास्क लावत होते, शाळा-कॉलेजं बरीचशी बंद होती, म्हणून दर कमी होता. सैल सोडलं किंवा जास्त वेगाने पसरणारा नवा प्रकार आला की रेषा पुन्हा वर. दोन्ही गोष्टी त्याच ठिपक्यांवर तितक्याच छान बसतात, पण पुढचा अंदाज अगदी उलटा देतात. म्हणजे जुळणी बघून यातली खरी कोणती ते ठरवताच येत नाही. मुंबईच्या टेकडीसारखंच.

मग ठरवायचं कसं? बाहेरच्या पुराव्याने. आयसीएमआरच्या तिसऱ्या राष्ट्रीय सिरो सर्वेक्षणाचे निकाल ४ फेब्रुवारी २०२१ ला आले. रक्तातल्या अँटीबॉडी तपासून त्यांनी सांगितलं की प्रौढांपैकी साधारण २१ टक्के लोकांनाच लागण होऊन गेली आहे. म्हणजे पाचातले चार अजून बाकी! माझं मॉडेल ज्या गोष्टीवर उभं होतं ती या एका आकड्याने पडत होती. मी ती बातमी वाचलीसुद्धा होती. पण मॉडेल इतकं छान बसलं होतं की ते पुन्हा उघडून बघावं असं वाटलं नाही. आणि पुढे डेल्टा म्हणून ओळखला गेलेला प्रकार ऑक्टोबर २०२० च्या भारतातल्या नमुन्यांत होताच. तो माझ्या एक्सेलच्या कुठल्याही रकान्यात नव्हता.

तुमच्या रिव्ह्यूसाठी

तर उद्या कोर्सवर्कमध्ये मॉडेलिंगचा पेपर हातात आला की सॅम्पल साइजवर घसरू नका. हे चार प्रश्न विचारा.

१. आलेखातला डेटा कुठून कापलाय? आधी आणि नंतर काय झालं? मुंबईच्या बाबतीत एवढ्या एका प्रश्नाने अर्धी टीका तयार होते.

२. निघालेल्या पॅरामीटरचा अर्थ रोजच्या भाषेत काय? तास, दिवस, माणसं यांत बदलून बघा. "आठवड्याला ८०" वाचून काही वाटत नाही, "दोन तासांत बरा" म्हटलं की लगेच खटकतं.

३. याच डेटावर बसणारं, पण उलटा अंदाज देणारं दुसरं स्पष्टीकरण आहे का? असेल तर दोघांतला निवाडा करणारा वेगळा पुरावा कोणता? लेखकांनी तो शोधला का?

४. लेखकांनी स्वतः लिहिलेल्या मर्यादा निष्कर्षापर्यंत टिकल्या का, की सारांशात पोहोचेपर्यंत गळाल्या? आणि हा पेपर उद्धृत करणाऱ्यांनी त्या सोबत नेल्या का?

यांची उत्तरं लिहिली की रिव्ह्यू आपोआप तयार होतो. पेपर वाईट आहे असं सिद्ध करणं म्हणजे रिव्ह्यू नाही. केरमॅक-मॅकेंड्रिक यांचा पेपर मी आजही नव्या मुलांना पहिला वाचायला देते. फक्त सांगते की आलेखापाशी थांबू नका, खालचा परिच्छेद वाचा, आणि मग मुंबईच्या पुढच्या वर्षीचे आकडे काय होते ते शोधा.

माझी ती जुनी एक्सेल फाइल मी डिलीट केलेली नाही. मॉडेल बसवलं की ती उघडते आणि आधी एका कागदावर मराठीत, आईला कळेल असं, एक वाक्य लिहिते: आकडा खाली आला तो अमुक कारणाने, आणि हे मला अमुक पुराव्यावरून माहीत आहे. दुसरा अर्धा भाग लिहिता आला नाही तर अंदाज कुणाला सांगत नाही. सध्याच्या माझ्या चॅप्टरमध्ये असं वाक्य दोन ठिकाणी अडलंय. गाईड विचारतात चॅप्टर कधी देणार. देईन, पण आधी ती दोन वाक्यं पूर्ण होऊ देत.

पुढच्या वेळी उंबरठ्याचं गणित पायरी-पायरीने सोडवू. तोवर वरचं दोन तासांचं गणित वहीत एकदा स्वतः करून बघा, नुसतं वाचून पुढे जाऊ नका.